आईची केमोथेरपी चालू आहे. घरात थट्टामस्करी केलेली चालेल का?

हो, जरूर करा. फक्त आजारावरचा विनोद आधी आईला करू द्या, मग तुम्ही सामील व्हा. बहिणीच्या स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांत मी सोबतीला होते, त्यावरून सांगते. केमो सुरू झाल्यावर साधारण 2 ते 4 आठवड्यांत केस गळू लागतात. तिने त्याआधीच मुलाकडून डोकं भादरून घेतलं, आणि त्या दिवशी घर पोट धरून हसलं. विनोदाने गाठ विरघळत नाही, पण भीतीचा जोर तेवढा वेळ ओसरतो. मात्र ‘खंबीर राहा, चांगलाच विचार कर’ असं सतत ऐकवू नका. मग माणसाला रडायचीही चोरी होते. त्यापेक्षा कामं वाटून घ्या: सलाइन चालू असताना शेजारी बसणं, फाइल सांभाळणं, फोडणीच्या वासाने मळमळत असेल तर स्वयंपाक दुसरीकडे करणं. केमोनंतर 7 ते 14 दिवसांच्या सुमारास रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी बहुधा सर्वांत कमी असतात, तेव्हा सर्दी-खोकल्याचे पाहुणे दारातूनच परत पाठवा. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त दिसला, तर मध्यरात्र असली तरी लगेच डॉक्टरांना कळवून रुग्णालय गाठा. घरच्या घरी गोळी देऊन वाट पाहू नका.