हॅलोवीनच्या पार्टीत डोळ्यांदेखत रंग बदलणारे ‘जादुई काढ्या’चे शॉट कसे करायचे?

गोकर्णीच्या निळ्या फुलांनी. 10-12 सुकी फुलं 100 मिली उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, गाळा, पूर्ण गार करा. 60 मिलीच्या शॉट ग्लासात 20 मिली व्होडका, 15 मिली हे निळं पाणी, 5 मिली साखरेचा पाक. लिंबाचा रस गाळून वेगळा ठेवा आणि पाहुण्याच्या हातात ड्रॉपर द्या. चमचाभर, म्हणजे 5 मिली रस पडला की निळ्यात जांभळे धागे उतरतात, ढवळलं की सगळा ग्लास जांभळट गुलाबी.

फुलांतलं रंगद्रव्य आंबटपणाने रंग बदलतं, म्हणूनच फजितीही इथेच होते. पाक करताना साखर जमू नये म्हणून लिंबू पिळायची सवय असेल तर ती आवरा, नाहीतर जादू पातेल्यातच संपते. टॉनिक वॉटरही नको. त्यात सायट्रिक आम्ल असतं. लिंबाऐवजी व्हिनेगर वगैरेच्या भानगडीत पडू नका, पिणाऱ्यांचा विचार करा.

चकाकी हवी असेल तर पाकिटावर ‘खाण्यायोग्य’ लिहिलेली पूडच घ्या, चिमूट दहा ग्लासांना पुरते. हस्तकलेची चमकी बिनविषारी असली तरी खायची नसते.

धूर हवाच असेल तर कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, मोठ्या परातीत गरम पाण्यात टाका आणि ग्लास बाहेर मांडा. ग्लासात तुकडा अजिबात नको, शॉट एका घोटात जातो आणि तो तुकडा तोंड-घसा जाळतो. हा वायू खोलीत साठू नये म्हणून खिडकी उघडी ठेवा.