कॉफीच्या बागेत गाळ टाकावा का?

प्रश्न : चिखलदऱ्याला आमची उतारावर थोडी कॉफी आहे. पावसाळ्यात पाणी धो धो वाहून जातं आणि फेब्रुवारीत पानं मलूल होतात. तळ्याचा गाळ आणून टाकू का?
– एक वाचक, जि. अमरावती

उत्तर : कृपा करून टाकू नका. गाळ बारीक आणि चिकट. ज्वारी-कपाशीच्या हलक्या रानात तो सोनं ठरतो, पण कॉफीच्या अन्न घेणाऱ्या मुळ्या बहुतेक वरच्या फूटभर मातीत असतात आणि त्यांना हवा लागते. गाळाने मातीतल्या पोकळ्या बुजल्या की पावसात मुळ्या गुदमरतील.

आधी एक करून बघा. बागेतलं सुकं ढेकूळ काचेच्या ग्लासात, पाण्यात अलगद सोडा. लगेच विरघळून पाणी गढूळ झालं तर मातीत सेंद्रिय पदार्थ कमी आहे. पावसाचा मारा अशा मातीचा वरचा थर लिंपून टाकतो, मग पाणी मुरणार कुठून?

कर्नाटकातल्या कोडगूच्या (कूर्गच्या) कॉफीबागांत मी पाहिलेले आडवे चर मला फार मोलाचे वाटतात. झाडांच्या दोन ओळींमध्ये, उताराला आडवे, साधारण दीड फूट खोल. एका ओळीतल्या दोन चरांमधली मोकळी जागा खालच्या ओळीतल्या चराने अडवलेली. त्यांत पालापाचोळा साठतो, कुजतो, पाणी जिरतं. ऑगस्ट-सप्टेंबरात माती मऊ असताना खणा, मुळ्या सांभाळून.

आणि सावलीच्या झाडांची, म्हणजे सिल्व्हर ओकची, पांगाऱ्याची गळलेली पानं झाडून जाळू नका हो! कॉफीच्या बुंध्यापासून वीतभर सोडून तिथेच पसरा.