पॉलिसी बंद करून ते पैसे गोळ्यांसाठी ठेवू का? सेलूच्या एका वाचकाला उत्तर

सेलूहून एका कृषी सेवा केंद्रवाल्या भाऊंनी विचारलंय, थोडक्यात सांगतो. वडील ६६, आई ६१, दोघांची मिळून ३ लाखांची फ्लोटर (म्हणजे एकच रक्कम दोघांत वाटून वापरायची) आरोग्य विमा पॉलिसी, फेब्रुवारी २०२२ पासून चालू, यंदाचा प्रीमियम ३३,८०० रुपये. वडलांना शुगर आन बीपी, गोळ्यांना महिन्याला ५,६०० जायलेत. ऑगस्टमध्ये वडील न्यूमोनियानं छत्रपती संभाजीनगरला अ‍ॅडमिट होते, बिल झालं १,१८,०००, कंपनीनं दिले ८४,०००, बाकीचे ३४ हजार खिशातून. आता ते म्हणायलेत, "गोळ्यांचा एक रुपया देत नाहीत, बिलात बी कापतात, मग काहून भरायचे? पॉलिसी बंद करून दरवर्षी ३३,८०० एफडीत टाकतो, गोळ्या आन दवाखाना त्यातूनच."

भाऊ, राग समजतो. पण फेब्रुवारीत तर अजिबात बंद करू नका, आणि त्याचं कारण तारखेत आहे. तुमच्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना ४८ महिने वेटिंग, म्हणजे तोवर त्यांचा क्लेम नाही, असं लिहिलेलं आहे. २०२४ मध्ये आयआरडीएआयनं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, ही मर्यादा ३६ महिन्यांवर आणली, पण जुनी ४८ ची धरली तरी फेब्रुवारी २०२६ ला ती संपते. म्हणजे चार वर्षं तुम्ही प्रीमियम भरला आणि शुगर-बीपीमुळं काही झालं तर क्लेम मिळायची वेळ आली तेव्हाच तुम्ही पॉलिसी सोडायलात. उद्या मन बदललं आणि नवीन घ्यायला गेलात तर ६६ वर्षांच्या शुगरच्या पेशंटला कंपनी एक तर नाही म्हणेल नाही तर प्रीमियम वाढवून परत तीन वर्षांपर्यंत थांबवेल. शिवाय सलग ५ वर्षं झाली की, म्हणजे फेब्रुवारी २०२७ नंतर, "तुम्ही अमुक आजार लपवला" म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. म्हणून आधी प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची कॉपी काढून बघा की एजंटानं शुगर आणि बीपी दोन्ही लिहिलंय का, आपल्याकडं "लिहू नका, प्रीमियम वाढतो" म्हणणारे एजंट कमी नाहीत. नसेल लिहिलं तर कंपनीला लेखी कळवा, जरा लोडिंग (आजारामुळं वाढीव प्रीमियम) लागलं तरी चालेल.

एफडीचा हिशोब पण करून बघितला. ३३,८०० दरवर्षी, साडेसहा टक्के धरले तर ५ वर्षांनी साधारण २ लाख ५ हजार होतात, तेही त्यातून गोळ्यांना एक रुपया काढला नाही तर. तुम्ही तर गोळ्या त्यातूनच म्हणायलात! गोळ्यांचेच वर्षाला ६७,२०० होतात, प्रीमियमच्या जवळपास दुप्पट, म्हणजे एफडी सहा महिन्यांत रिकामी. आणि पहिल्याच वर्षी बायपासची वेळ आली तर हातात ३३ हजार आणि बिल दोन-तीन लाख.

आता ते ३४ हजार. तुम्ही पाठवलेलं सेटलमेंट लेटर नीट वाचलं, त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पॉलिसीत रूमचं भाडं दिवसाला १ टक्का, म्हणजे ३,००० पर्यंत, तुम्ही घेतली ४,५०० ची. मग रूम, नर्सिंग, डॉक्टर व्हिजिट असे जे ६०,००० होते त्याचे दोन तृतीयांशच दिले, २० हजार कापले. हे कितीबी झोंबलं तरी पॉलिसीप्रमाणं बरोबर आहे, रूम घेतानाच बघायला पाहिजे होतं, पण बाप ऑक्सिजनवर असताना कोण कागद वाचतं. ग्लोव्हज, मास्क असलं किरकोळ ६,००० गेलं, तेही नेहमीचंच. पण औषधांचे २४,००० होते त्यालाही तोच दोन तृतीयांशचा हिशोब लावून ८,००० कापलेत, आणि हे चुकीचं आहे. २०२० च्या नियमाप्रमाणं रूमच्या प्रमाणात कपात औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना लावता येत नाही. तपासण्यांचे २८ हजार तर त्यांनी पूर्ण दिलेत, मग औषधांनाच का? हे ८,००० मागा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, आपल्या भागासाठी पुण्याचं ऑफिस, फी नाही, वकील नाही, फक्त कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जायचं. डिस्चार्जनंतरच्या गोळ्या-तपासण्या पण बहुतेक पॉलिसींत ६० दिवसांपर्यंत बसतात, ती मेडिकलची बिलं तुम्ही दिलेलीच दिसत नाहीत, उशिराचं कारण लिहून तीही पाठवा.

खरी गळती गोळ्यांची आहे आणि तिथं हात घालायला कंपनीची गरजच नाही. पॉलिसी मुळात अ‍ॅडमिट होण्यासाठी असते, ओपीडीच्या गोळ्या साध्या पॉलिसीत येतच नाहीत. तुमची चिठ्ठी बघितली, सगळ्या मोठ्या कंपन्यांच्या ब्रँडच्या गोळ्या. त्यातल्या शुगरच्या सिटाग्लिप्टिनचं पेटंट २०२२ मध्ये संपलं, जनऔषधीत (स्वस्त जेनेरिक औषधांच्या सरकारी योजनेच्या दुकानांत) ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या तेव्हा ६० रुपयांना काढल्या होत्या. शुगरच्याच एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं, आधी एक गोळी ६० रुपयांच्या आसपास होती, आता कितीतरी कंपन्यांची तीच गोळी त्याच्या अगदी थोड्या किमतीत मिळते. आणि तुम्ही अजून जुनाच ब्रँड घ्यायलात कारण चिठ्ठी दोन वर्षांपूर्वीची आहे आणि मेडिकलवाला तीच बघून देतो! डॉक्टरांकडं चिठ्ठी घेऊन जा, "साहेब, महिन्याला साडेपाच हजार झेपत नाहीत, ब्रँडऐवजी औषधातल्या घटकाचं नाव लिहून द्या" असं सरळ म्हणा, लाजू नका. स्वतःच्या मनानं मात्र कुठलीच गोळी बदलू नका, रक्त पातळ करायची तर नाहीच. जनऔषधीत कधी कधी माल नसतो, जायच्या आधी फोन करा. मेटफॉर्मिन, अम्लोडिपिन असल्या साध्या गोळ्या तर सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, लाईन लागते तेवढीच. माझ्या अंदाजानं तुमचा खर्च निम्म्यावर यायला हरकत नाही, म्हणजे प्रीमियमचे बरेचसे पैसे त्यातूनच निघाले.

एक शंका येईल, रेशनकार्डावर महात्मा फुले योजनेतून ५ लाखांपर्यंतचे फुकट उपचार आहेतच की. आहेत, कार्ड काढून ठेवाच, पण ती ठरलेल्या उपचारांना आणि यादीतल्या हॉस्पिटलांतच चालते, आणि रात्री दोन वाजता जवळचं हॉस्पिटल यादीत असेलच असं नाही. वडील सत्तरीचे झाले की सरकारी मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्डही मिळेल, उत्पन्नाची अट नाही. तेव्हा, म्हणजे चार वर्षांनी, पॉलिसी ठेवायची का हा प्रश्न परत काढू, आज नाही.

सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं तुमची उधारी अडकलीय हे मला माहीत आहे, एकरकमी ३३,८०० जड जात असतील तर कंपनीला हप्त्याचं विचारा, फक्त एकही हप्ता चुकवू नका. अशा पॉलिसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेलाय, ३३,८०० मध्ये तो लावलेला नाही ना बघून घ्या, आणि ६० च्या पुढच्यांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी आयआरडीएआयला विचारावं लागतं. रूमच्या मर्यादेशिवायची पॉलिसी मिळते का ते पोर्ट करून, म्हणजे आतापर्यंतचं वेटिंग न गमावता दुसऱ्या कंपनीत जाऊन बघायचं असेल तर रिन्युअलच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज लागतो. नवीन कंपनीनं लेखी हो म्हणेपर्यंत जुनी सोडायची नाही, आणि नाहीच म्हणाले तर आहे तीच भरा आणि पुढच्या वेळी रूम ३,००० च्या आतली मागा.