हाड झिजतं की जिरतं?

प्रश्न असा आहे: दातांना तारा बसवण्याविषयीचं माहितीपत्रक मराठीत आणायचं आहे. त्यात ‘बोन रिझॉर्प्शन’ आणि ‘रूट रिझॉर्प्शन’ (शरीराने आपलंच हाड किंवा दाताचं मूळ आत ओढून घेणं) हे दोन शब्द वारंवार येतात. कोशातलं ‘अवशोषण’ कुणाला कळत नाही, तर दोन्हीकडे ‘झीज’ चालेल का?

हाडासाठी तरी ‘झीज’ नको. झिजायला काहीतरी घासावं लागतं. सहाणेवर चंदन झिजतं, देवळाची पायरी झिजते, चपलेची टाच झिजते. दातही झिजतात, पण ते चावून चावून किंवा ब्रश रगडून. शिवाय ‘हाडांची झीज’ म्हटलं की आपल्याकडे आजीचे गुडघे आठवतात. तेरा वर्षांच्या मुलीच्या आईने हे वाचलं तर ती तारा लावू देणार नाही.

तारेच्या उपचारात घासत काहीच नाही. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो. तारेने दात रेटला की पुढच्या बाजूला हा पडदा चेपतो आणि तिथे हाड खाणाऱ्या पेशी जमतात. मागच्या बाजूला तो ताणला जातो, तिथे दुसऱ्या पेशी नवं हाड घालत येतात. कार्ल सँडस्टेट या स्वीडिश दंतवैद्याने १९०४च्या सुमारास कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून हे दाखवलं. दात पुढे जातो तो महिन्याला साधारण १ मिलिमीटर. जोर फार लावला तर चेपलेल्या जागेचा रक्तपुरवठाच अडतो आणि दात काही दिवस तिथेच अडून बसतो.

पुढच्या बाजूला हाडाचं जे होतं त्याला मराठीत नेमका शब्द आहे: जिरणं. पाणी जमिनीत जिरतं, अन्न पोटात जिरतं, गाठ न फुटता जिरते. बाहेरून कुणी काही खरवडत नाही, शरीरच आत ओढून घेतं. ‘बरी जिरली त्याची!’ची छटा डोकावेल अशी भीती असेल तर ती सोडा, हाडाच्या बाबतीत कुणाला ती आठवणार नाही.

मुळाचं थोडं वेगळं आहे. मुळावर पडलेले बारीक खड्डे जोर थांबल्यावर बऱ्याच अंशी भरून येतात, पण टोकाकडून मूळ कमी झालं तर तेवढी लांबी परत येत नाही. बहुतेकांत हे थोडंच असतं, आणि जास्त करून वरच्या पुढच्या दातांत दिसतं. इथे मी सरळ ‘मूळ किंचित आखूड होतं’ असं लिहीन. एक्स-रेवर दिसतं तेही तेच. समजावायला दुधाचा दात घ्या. पडलेल्या दुधाच्या दाताला मूळ जवळजवळ नसतंच, कारण ते आधीच जिरलेलं असतं. हे घरोघरी पाहिलेलं आहे.

जाता जाता, तुमच्या माहितीपत्रकाच्या मथळ्यातलं ‘दात हलवणे’ही बदला. हलणारा दात म्हणजे पडायला आलेला दात. उपचार चालू असताना दात थोडे हलतातही, ते वेगळं. तारेने ते ‘सरकवतात’.