थीम बदलली तरी मजकूर जागेवर राहावा म्हणून
वर्डप्रेसवर पहिलीच साइट करतोयस, तर 'कार्यक्रम', 'पाककृती' असे स्वतःचे पोस्ट टाइप (नोंदींचे प्रकार) थीमच्या, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या संचाच्या, फंक्शन्स फाइलमध्ये लिहू नकोस. त्यासाठी छोटं वेगळं प्लगिन (साइटला जोडायचा, थीमपासून स्वतंत्र कोड) कर. नाहीतर क्लायंटने थीम बदलली की डॅशबोर्डमधला तो मेनूच गायब होतो. नोंदी डेटाबेसमध्ये शाबूत असतात, पण घाबरलेल्या माणसाला हे फोनवर पटवणं फार अवघड. कार्यक्रमाची तारीखही मजकुरात ठळक अक्षरांत टाकू नकोस, तिला स्वतंत्र फील्ड दे. मग तारखेनुसार यादी लावता येते. रंग, फॉन्ट सीएसएसमध्येच, म्हणजे दिसण्याचे नियम लिहायच्या भाषेत. आणि पोस्ट टाइपला 'शो इन रेस्ट' ही सेटिंग चालू ठेव. वर्डप्रेसच्या २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून अशा नोंदी रेस्ट एपीआयमधून (दुसऱ्या ॲपला साइटवरचा मजकूर पुरवणारी सोय) मिळतात, म्हणजे उद्या मोबाइल ॲप काढलं तरी सगळं पुन्हा टाइप करावं लागणार नाही.