‘छान आहे, कळवतो’च्या पुढे

प्रश्न : आम्ही मालाच्या साठ्याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर विकतो. सादरीकरणाला दहा मिनिटं मिळतात. ऐकणारे माना डोलावतात, ‘छान आहे, कळवतो’ म्हणतात आणि पुढे काहीच हलत नाही. ‘घेतलं नाहीत तर तुमचंच नुकसान’ असंही सांगून पाहिलं. कुठे चुकतंय?

उत्तर : नुकसानीचा मुद्दा खरा आहे, पण तो दोन्हीकडून चालतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये प्रॉस्पेक्ट थिअरी मांडली; जोखीम असताना माणूस निर्णय कसे घेतो, हे ती सांगते. फायद्याच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याची बोच जास्त असते, हे तिचं एक मुख्य सूत्र. समोरच्याला मात्र तोटा तुमचं सॉफ्टवेअर घेण्यात दिसतो. जुन्या नोंदी गहाळ होतील, माणसं नव्यानं तयार करावी लागतील, फसलं तर ठपका त्याच्यावर येईल. मान डोलते ती तुमच्या मालाला. सही अडते ती या धास्तीपायी.

म्हणून पहिली दोन मिनिटं विचारण्यात घालवा. ‘नोंदी जुळवायला रोज किती वेळ जातो?’ ‘चाळीसेक मिनिटं’ असं उत्तर आलं, तर त्यांच्यासमोरच फळ्यावर लिहा : 40 मिनिटं × 24 दिवस = महिन्याला 16 तास. मग पाच सेकंद गप्प राहा. बहुतेक जण नेमकं इथेच घाईनं फीचर्स सांगू लागतात आणि तो आकडा हवेत विरतो. तुम्ही घरून आणलेली ‘सरासरी’ ऐकणारा खोडून काढायला बघतो. स्वतःच्या तोंडून आलेला आकडा सहसा खोडत नाही.

पुढची तीन-चार मिनिटं फक्त तेच 16 तास कसे कमी होतात ते दाखवा. बाकीची फीचर्स कितीही लाडकी असली तरी राहू द्या.

उरलेला वेळ धास्तीसाठी ठेवा. छोटी चाचणी सुचवा : एकच शाखा, 14 दिवस, जुनी पद्धत चालूच. जुना डेटा कोण हलवणार आणि जमलं नाही तर तो परत कसा मिळणार, हे एका कागदावर लिहून द्या. एक अडचण आपणहून सांगा : ‘हे 14 दिवस दोन्हीकडे नोंदी कराव्या लागतील.’ लगेच तोडही सांगा : ‘आमचा माणूस पहिल्या आठवड्यात रोज तासभर सोबत बसेल.’ नुसती अडचण सांगून थांबलात, तर ऐकणारा तेवढीच घेऊन घरी जातो.

शेवटी ‘मग घेताय का?’ विचारू नका; एवढ्या मोठ्या प्रश्नाला ‘कळवतो’ हेच सोपं उत्तर आहे. ‘चाचणी करायची झाली तर साठ्याची फाइल कोण देईल, कोणत्या दिवशी?’ असं विचारा, आणि ‘नको असेल तर तसं सांगा, काही हरकत नाही’ हेही मनापासून म्हणा. नकाराची वाट मोकळी दिसली की माणूस अडून बसत नाही. ‘ऑफर आजच संपते’ ही खोटी मुदत मात्र कधीच नको. पुढच्या आठवड्यात तीच ऑफर दिसली की तुमचे खरे आकडेही खोटे वाटू लागतात.

प्रश्न : सगळे मुद्दे स्लाइडवर लिहून वाचून दाखवावेत का?

उत्तर : नाही. डोळे जिभेपेक्षा वेगानं वाचतात. तुम्ही दुसऱ्या ओळीवर असता तेव्हा ऐकणारे शेवटच्या ओळीवर पोचलेले असतात आणि दोन्ही नीट पोचत नाही. स्लाइडवर एक आकडा किंवा एक चित्र पुरे. सविस्तर मजकूर छापून बोलणं संपल्यावर हातात द्या, आधी नव्हे.