स्पॅनिशचे दोन भूतकाळ: वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न: क्लासमध्ये शिकवलं की स्पॅनिशच्या दोन भूतकाळांपैकी थोडा वेळ चाललेली क्रिया इंदेफिनिदोत आणि बराच वेळ चाललेली इंपेर्फेक्तोत. मग ‘बिबी दिएस आन्योस एन माद्रिद’ (दहा वर्षं माद्रिदला राहिलो) इथे इंदेफिनिदो कसा? दहा वर्षं म्हणजे थोडा वेळ?

तो नियम वहीतून खोडून टाका. क्रिया किती वेळ चालली याच्याशी या दोन काळांना काही देणंघेणं नाही. बोलणारा ती क्रिया पुरी झालेली, दोन्ही टोकांनी बंद अशी मांडतोय, की ती चालू असतानाच्या आतल्या बाजूने, एवढंच पाहायचं. ‘दहा वर्षं’ म्हटलं की हिशोब पुरा झाला, म्हणून ‘बिबी’. पण ‘माद्रिदला राहत होतो तेव्हा बायकोची ओळख झाली’ यात राहणं ही मागची चौकट आहे. ती कधी संपली याची चौकशी कोणी करत नाही. तिथे ‘बिबीआ’.

गंमत म्हणजे हा भेद आपण रोज करतो. ‘तीनदा सिनेमाला गेलो’ आणि ‘रविवारी सिनेमाला जायचो’ यांत कुठल्याही मराठी माणसाची गल्लत होत नाही. पहिलं ‘फुइ’, दुसरं ‘इबा’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘वेंट’ चालून जातं आणि आपण स्पॅनिश शिकतो इंग्रजी पुस्तकांतून, त्यामुळे हातातलं सोडून भलत्याच नियमांमागे धावतो. ढोबळमानाने, ‘गेलो, राहिलो, खाल्लं’ आलं की इंदेफिनिदो. ‘जायचो, जात असे, जात होतो’ आलं की इंपेर्फेक्तो.

प्रश्न: तुमची मराठीची युक्ती मी वापरते, पण ‘होता-होती’ आलं की अडते. ‘असणं’साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं, ‘सेर’ आणि ‘एस्तार’. मग ‘सेर’चं ‘एरा’ (इंपेर्फेक्तो) की ‘फुए’ (इंदेफिनिदो), ‘एस्तार’चं ‘एस्ताबा’ की ‘एस्तुबो’?

अडणारच, कारण नेमकं इथेच मराठी दगा देते. ‘घर मोठं होतं’ आणि ‘पार्टी मजेदार होती’ दोन्हीकडे आपलं एकच ‘होतं-होती’, स्पॅनिशमध्ये मात्र ‘ला कासा एरा ग्रांदे’ आणि ‘ला फिएस्ता फुए दिबेर्तिदा’. मराठी विद्यार्थ्यांच्या वह्यांत सगळ्यात जास्त लाल शाई इथेच सांडते.

उपाय आहे. ‘होती’च्या जागी ‘झाली’ घालून पाहा. ‘पार्टी मजेदार झाली’: अर्थ टिकला, म्हणून ‘फुए’. ‘घर मोठं झालं’: अर्थच पालटला, म्हणून ‘एरा’. ‘एस्तार’साठी ‘राहिलो’ घाला. ‘काल दिवसभर घरी होतो’चं ‘घरीच राहिलो’ करता येतं, तेव्हा ‘एस्तुबे’. ‘तुझा फोन आला तेव्हा घरी होतो’ इथे ‘राहिलो’ बसत नाही, तेव्हा ‘एस्ताबा’. ‘तेनेर’मध्ये (जवळ असणं) तर हा फरक फारच स्वच्छ दिसतो: ‘तेनीआ उन इखो’ म्हणजे तिला मुलगा होता, ‘तुबो उन इखो’ म्हणजे तिला मुलगा झाला.

वय आणि घड्याळातली वेळ सांगताना फार विचार करू नका. ‘एरान लास त्रेस’ (तीन वाजले होते), ‘तेनीआ बेइन्ते आन्योस’ (वीस वर्षांचा होतो). इथे इंपेर्फेक्तोच.

आणि ‘आजोबा डॉक्टर होते’? ‘एरा मेदिको’ आणि ‘फुए मेदिको’, दोन्ही बरोबर. ‘फुए’ म्हटलं की त्यांच्या कारकिर्दीकडे ती संपल्यावर मागे वळून पाहिल्यासारखं वाटतं. यातलं एक सरसकट चूक ठरवणाऱ्या शिक्षकाशी खुशाल वाद घाला.

प्रश्न: ‘आयेर’ (काल) दिसलं की इंदेफिनिदो आणि ‘सिएम्प्रे’ (नेहमी) दिसलं की इंपेर्फेक्तो, हे पाठ करू का?

रिकाम्या जागा भरायच्या असतील तर करा. बोलताना हे लगेच फसतं. ‘आयेर योबीआ कुआन्दो साली’: काल मी निघालो तेव्हा पाऊस पडत होता. एकाच ‘आयेर’खाली दोन्ही काळ आले. ‘सिएम्प्रे किसे बियाखार’ (प्रवास करायची मला कायमच इच्छा होती; ‘किसे’ हा इंदेफिनिदो) हेही अगदी रोजचं वाक्य आहे.

त्यापेक्षा छोटे प्रसंग लिहा आणि एकच क्रियापद बदलून पाहा. रात्रीचे अकरा वाजलेत, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि ‘सोनो एल तेलेफोनो’: फोन वाजला, आता पुढे काहीतरी घडणार. तिथेच ‘सोनाबा’ लिहा: फोन वाजतच होता, कोणी उचलत नव्हतं. गोष्टच वेगळी झाली.

प्रश्न: ‘साबेर’ (माहीत असणं), ‘कोनोसेर’ (ओळखणं) यांचे अर्थ इंदेफिनिदोत बदलतात म्हणे. वेगळी यादी पाठ करावी लागेल?

इंग्रजीतून शिकणाऱ्याला लागते, तुम्हाला नको. ‘साबीआ’ म्हणजे माहीत होतं, ‘सुपे’ म्हणजे कळलं. ‘कोनोसीआ आ मार्ता’, मार्ताला ओळखत होतो. ‘कोनोसी आ मार्ता’, मार्ताची ओळख झाली. ‘पोदीआ आब्रिर ला पुएर्ता’, दार उघडता येत होतं (उघडलं की नाही कोण जाणे). ‘पुदे आब्रिर’, उघडता आलं.

जपायचं ते ‘केरेर’ला. ‘नो केरीआ इर’ म्हणजे जायची इच्छा नव्हती. तरी गेलो असेनही. ‘नो किसे इर’ म्हणजे जायला तयारच झालो नाही. स्पॅनिश मित्राच्या लग्नाला गेला नसाल, तर त्याच्यासमोर यातलं कुठलं वापरायचं ते आधी ठरवून ठेवा.

प्रश्न: एका पुस्तकात ‘प्रेतेरितो इंदेफिनिदो’, दुसऱ्यात ‘पेर्फेक्तो सिंप्ले’, मेक्सिकोच्या पुस्तकात ‘कोप्रेतेरितो’. काळ नक्की किती?

या प्रश्नापुरते दोनच. पहिली दोन नावं एकाच काळाची आहेत. ‘कोप्रेतेरितो’ म्हणजे इंपेर्फेक्तो. हे नाव व्याकरणकार आन्द्रेस बेय्योचं, त्याच्या 1847च्या व्याकरणातलं. भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेच्या सोबतीने चालणारा काळ, म्हणून ‘को’. मला तर ‘इंपेर्फेक्तो’पेक्षा हेच नाव जास्त पटतं.

प्रश्न: माद्रिदच्या कॅफेत एक बाई ‘केरीआ उन काफे’ म्हणाली. कॉफी तर तिला आत्ता हवी होती!

हा अदबीचा इंपेर्फेक्तो. थेट ‘किएरो’ (मला हवी) जरा रोखठोक वाटतं, म्हणून एक पाऊल भूतकाळात सरकून मागायचं. तुम्हीही शेजाऱ्यांच्या दारात उभं राहून ‘काका, जरा एक काम होतं’ असंच म्हणता की!